किनाऱ्याची पहिली ओळ मोकळी सोडा

गुहागर, दापोलीजवळचं मुरूड, दिवेआगर, अलिबागलगतचं नागाव. कोकण किनाऱ्यावरची ही जुनी गावं एकदा पायी फिरून बघावीत. किनाऱ्याला समांतर जाणारी अरुंद गल्ली आणि तिच्या दोन्ही अंगांना घरं. समुद्राच्या बाजूला असलेल्या घरांची ओटी गल्लीकडे, पाठ समुद्राकडे. माजघरातून मागच्या दाराने बाहेर पडलं की विहीर, तिथून निघालेला पाट, मग नारळाची आणि पोफळीची, म्हणजे सुपारीची वाडी. वाडीत जायफळ, मिरवेली, केळी. वाडी संपते तिथे गडगा, म्हणजे दगडांचं कुंपण. गडग्यापलीकडे केवड्याची जाळी, उंडी, करंज. त्यापुढे मर्यादवेलीने धरून ठेवलेला वाळूचा उंचवटा आणि मग पुळण, म्हणजे लाटांकाठची मोकळी वाळू. या घरात बसून समुद्र दिसत नाही, फक्त ऐकू येतो.

ज्यांनी ही गावं वसवली त्यांना समुद्र आवडत नव्हता असं मानायचं कारण नाही. रोजचं जगणंच त्याच्याशी बांधलेलं होतं. पण भरतीच्या रेषेपासून वाडीच्या गडग्यापर्यंतची जागा आपली नाही, ती वाऱ्याची आणि उधाणाची, हे त्यांनी धरून ठेवलं आणि त्याप्रमाणे घराचं दार काढलं. आज त्याच जागेला सर्वांत जास्त भाव आहे. खोलीच्या खिडकीतून लाटा दिसल्या पाहिजेत, गॅलरीतून उतरलं की पायाला वाळू लागली पाहिजे, अशी मागणी आहे आणि तसा पुरवठाही होतो आहे. कोकणच्या पर्यटनाला माझा विरोध नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की ही पहिली ओळ कायमची मोकळी राहिली पाहिजे, पर्यटन वाडीच्या मागे, गावात राहिलं पाहिजे, आणि ही ओळ मोकळी ठेवणाऱ्या वाडीवाल्याला सरकारने त्याचा मोबदला दिला पाहिजे. या तीन गोष्टी एकत्र झाल्या तरच टिकतील. नुसती बंदी घातली तर ती मोडली जाईल, आणि नुसती मुभा दिली तर किनारा जाईल.

या गावांचं वय थोडं नाही. अलिबागजवळच्या आक्षीचा शिलालेख शके ९३४ चा, म्हणजे इसवी सन १०१२ चा मानला जातो आणि मराठीच्या सर्वांत जुन्या लेखांत त्याची गणना होते. दिवेआगरचा मराठी ताम्रपट शके ९८२ चा, म्हणजे १०६० चा. आक्षीजवळचं चौल तर त्याहूनही आधीपासून बंदर. अलिबागच्या परिसराला अष्टागर म्हणतात ते इथल्या आगरांमुळे, म्हणजे या बागायतीमुळेच. हजार वर्षं त्याच पट्टीवर वस्ती टिकते तेव्हा त्या वस्तीच्या आखणीत काही कमावलेलं शहाणपण असतं. मधल्या काळात समुद्राने इथे हिसका दाखवला नाही असं तर अजिबात नाही. १५२४ साली वास्को द गामाच्या ताफ्याला दाभोळजवळ समुद्र हादरताना अनुभवाला आला, त्याच्या नोंदी पोर्तुगीजांनी ठेवल्या आहेत. केळशीच्या वाळूच्या मोठ्या टेकडीत मध्ययुगीन नाणी आणि वस्तीच्या खुणा सापडल्या. जुन्या महालाटेचा पुरावा त्या थरांत आहे का, याचा शोध अभ्यासकांनी तिथे घेतला आहे. त्यांचा वाद अजून मिटलेला नाही. पण वाळूची ती टेकडी हा या किनाऱ्याचा एक दस्तऐवज आहे, एवढं तरी त्या वादाने दाखवून दिलं.

समुद्राशी वागण्याची दुसरी शिस्त काळाची होती. पावसाळा म्हणजे समुद्र बंद. होड्या वर ओढायच्या, झावळ्यांनी शाकारायच्या आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय पाण्यात लोटायच्या नाहीत. आज सरकारी मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची आहे. तिची मुळं माशांच्या विणीच्या हंगामात तशीच या जुन्या रिवाजातही आहेत. रिवाज मोडला की काय होतं याच्या आठवणी अष्टागरात अजून सांगितल्या जातात. १७ जुलै १९४७, दिव्याची अवस. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ लाटेने कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. ऐन पावसाळ्यात, सणाला घरी निघालेली माणसं होती ती. जी थोडी वाचली त्यांतली काही कोळ्यांच्या होड्यांमुळे वाचली. त्याआधी १९२७ च्या नोव्हेंबरात ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन बोटी एकाच दिवशी बुडाल्या होत्या. नोव्हेंबर हा अरबी समुद्रातल्या वादळांचा दुसरा हंगाम. २००९ चं फयान याच महिन्यात आलं आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या मच्छीमारांची घरं उजाड करून गेलं.

तरीही कोकणातला माणूस परवा-परवापर्यंत म्हणायचा की वादळ हे पूर्व किनाऱ्याचं दुखणं, आपल्याकडे नुसता पाऊस. हे समाधान आता शिल्लक नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांच्या अभ्यासानुसार १९८२ ते २००० या काळाच्या तुलनेत २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली. समुद्र तापतो आहे, आणि चक्रीवादळाला लागणारी ऊर्जा त्याला गरम पाण्यातूनच मिळते. एकट्या २०१९ मध्ये या समुद्रात पाच चक्रीवादळं झाली. पुढच्या वर्षी निसर्ग आलं, त्याच्या पुढच्या वर्षी तौक्ते. तौक्ते किनाऱ्याला धडकलं ते सौराष्ट्रात, पण जाता जाता त्याने सिंधुदुर्गापासून पालघरपर्यंत सगळा किनारा झोडपला, आणि मुंबई हायजवळच्या पी-३०५ या तराफ्यावरच्या सत्तरहून अधिक कामगारांचा जीव घेतला.

निसर्गबद्दल जरा सविस्तर बोललं पाहिजे, कारण आजचा किनारा त्या एका दुपारने घडवला आहे. ३ जून २०२० ला दुपारी ते श्रीवर्धन-दिवेआगरच्या आसपास जमिनीवर चढलं. वारा ताशी १०० ते ११० किलोमीटर, झोत १२० पर्यंत. त्याचा मुख्य मारा वाऱ्याचा होता. पत्रे उडाले, जुनी कौलंही उडाली, विजेचे खांब वाकले आणि श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोलीतल्या गावांनी कित्येक आठवडे अंधारात काढले. वाडीने घरांना पूर्ण वाचवलं असा दावा मी करणार नाही. पण वाऱ्याचा पहिला तडाखा वाडीने घेतला, आणि त्यात वाडीच संपली. पोफळ उंच आणि सडपातळ. ती मुळासकट पडत नाही, मध्येच कडकन मोडते. दहा-पंधरा फुटांवर मोडलेले खुंट ओळीने उभे, आणि शेंडे एकमेकांवर असे पडलेले की विहिरीपर्यंत जायला कोयता घेऊन वाट काढावी लागे. माड पडला तो मुळांच्या गड्ड्यासह, जाताना शेजारचं जायफळ घेऊन. सावलीत वाढलेल्या जायफळाला आणि मिरवेलीला एकाएकी उघडं ऊन लागलं, आणि जी वादळातून वाचली होती ती पुढच्या उन्हाळ्यात वाळली. श्रीवर्धनी रोठा सुपारीचं नाव महाराष्ट्रभर आहे. त्या रोठ्याच्या बागा, ज्या आज्या-पणज्यांनी लावल्या होत्या, एका दुपारीत गेल्या. नवी पोफळ लावली तर पहिलं उत्पन्न हाती यायला पाच-सात वर्षं लागतात, माडालाही तेवढीच किंवा जास्त.

आता मदतीचा हिशेब बघा. सरकारने बागायतीची मदत हेक्टरी १८ हजारांवरून ५० हजारांवर नेली. मंत्रालयात बसून हा आकडा मोठा वाटतो. पण किनाऱ्यावरची वाडी हेक्टरात नसते, गुंठ्यात असते. हेक्टरी ५० हजार म्हणजे गुंठ्याला जेमतेम ५०० रुपये. दहा गुंठ्यांची वाडी असलेल्या घराच्या वाट्याला पाच हजार. सुपारीची शिफारस केलेली लागवड हेक्टरी तेराशेच्या वर झाडं असते, म्हणजे मोडलेल्या एका पोफळीला चाळीस रुपयेही नाहीत. ओरड झाल्यावर झाडनिहाय मदत ठरली, तीही सुपारीच्या झाडाला ५० आणि नारळाच्या झाडाला २५० रुपये. पडलेला माड कापून वाडीबाहेर काढायला लागणारी मजुरीसुद्धा त्यात निघत नाही. सातबाऱ्यावर पाच-सात भावांची, आतेबहिणींची नावं, अर्धे मुंबईत, एखादा परदेशात. त्यामुळे हा पैसाही कित्येकांपर्यंत वेळेत पोचला नाही.

अशा वेळी वाडीवाला काय करेल? तो खोल्या काढेल. त्याने काढल्या. ओळखीतल्या एका काकांना मी जरा हट्टाने म्हटलं की काका, पुन्हा पोफळी लावा. ते म्हणाले, “लावतो की. पण माझं वय सत्तरीला आलंय. सुपारी खायला मी असेन का, ते सांग. खोलीला शनिवारी गिऱ्हाईक येतं.” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि सरकारकडेही नव्हतं. वाडीच्या जागी आधी दोन खोल्या आल्या, मग गाड्या लावायला जागा हवी म्हणून आणखी चार माड गेले, मग गडगा पडून सिमेंटची भिंत आली, केवड्याची जाळी ‘साप येतात’ म्हणून काढली, आणि शेवटी वाळूच्या उंचवट्याला फावडं लागलं, कारण खालच्या खोलीतून समुद्र दिसत नव्हता. यातली प्रत्येक पायरी त्या-त्या माणसाला परवडणारी आणि समजण्यासारखी आहे. या सगळ्यांची बेरीज मात्र गावाला परवडणारी नाही.

वाळूचा तो उंचवटा काय करतो हे इथे थोडं सांगायला हवं. पावसाळ्याच्या मोठ्या लाटा पुळणीवरची वाळू ओढून नेतात आणि किनाऱ्यापासून थोडं दूर पाण्याखाली तिचा बांध घालतात. पुढच्या लाटा त्या बांधावर फुटतात, काठापर्यंत पोचताना त्यांचा जोर ओसरलेला असतो. दिवाळीनंतर समुद्र निवला की लहान लाटा तीच वाळू परत आणून टाकतात. वादळ मोठं असेल तेव्हा वाळूची ही गरज उंचवट्यातून भागते. तो काही फूट झिजतो, मर्यादवेल त्याला पुन्हा धरते, दोन-तीन वर्षांत तो भरून येतो. किनारा असा दरवर्षी मागे-पुढे होत असतो, आणि त्या हालचालीसाठी लागणारी जागा म्हणजेच ती पहिली ओळ. तिथे जोतं बांधलं की वाळू द्यायला उरत नाही, लाट थेट जोत्यावर येते.

मग बंधारा मागितला जातो. धूपप्रतिबंधक बंधारा हा आता किनारपट्टीच्या प्रत्येक निवडणुकीतला शब्द झाला आहे. काही ठिकाणी त्याला पर्याय नाही हे मान्य. कोळीवाडा अगदी पाण्याला लागून असेल, घरं शंभर वर्षांची असतील, तर दगड टाकलेच पाहिजेत. पण बंधारा वस्ती वाचवतो तेव्हा पुळण खातो. भिंतीवर आपटलेली लाट तितक्याच जोराने मागे फिरते, पायाची वाळू उपसून नेते, आणि काही वर्षांत भिंतीसमोर वाळू राहतच नाही. बंधाऱ्याच्या दोन्ही टोकांना धूप वाढते, मग शेजारच्या वाडीला बंधारा हवा होतो. ज्या पुळणीसाठी पर्यटक येतात ती पुळणच अशी संपते. राष्ट्रीय तटीय संशोधन केंद्राने केलेल्या पाहणीत महाराष्ट्राचा सुमारे एक चतुर्थांश किनारा धुपतो आहे. ही सगळी धूप बांधकामांमुळे आहे असं नाही. खाड्यांमधला बेसुमार वाळूउपसा, बंदरांचे धक्के, चढणारी समुद्रपातळी अशी बरीच कारणं आहेत. पण यातलं जे आपल्या हातात आहे त्यात पहिली ओळ येते.

शिवकाळात आणि नंतर या समुद्रात बांधकाम झालंच ना, असं कुणी म्हणेल. झालं, आणि ते अभ्यास करून झालं. अलिबागच्या कुलाबा किल्ल्याच्या तटाचे प्रचंड दगड चुन्याशिवाय एकावर एक रचलेले आहेत. लाटेचं पाणी फटींत शिरतं आणि तिचा जोर तिथेच मोडतो. सिंधुदुर्गाचं काम १६६४ ला सुरू झालं आणि तो साडेतीनशेहून अधिक पावसाळे खात उभा आहे. त्याच्या समोरच, मालवणच्या राजकोटावर ४ डिसेंबर २०२३ ला महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण झालं आणि २६ ऑगस्ट २०२४ ला, नऊ महिन्यांच्या आत, तो कोसळला. ताशी ४५ किलोमीटरच्या वाऱ्याचं कारण सांगण्यात आलं. निसर्गचा वारा त्याच्या दुपटीहून जास्त होता. ज्या राजाने समुद्र ओळखून आरमार उभं केलं, त्याच्या पुतळ्याच्या बाबतीत खारा वारा आणि गंज यांचा विचार पुरेसा झाला नाही, याची खंत आजही जात नाही. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे समुद्राशी बांधलेले चार आहेत. आनंदाची गोष्ट आहे. हर्णैला, मालवणला, विजयदुर्गला आता माणसं आणखी येतील. त्यांच्यासाठी जे बांधायचं ते घाईत, किनाऱ्यावर, समुद्राच्या तोंडाशी बांधायचं का, हे आत्ताच ठरवावं लागेल.

कायदा काय म्हणतो? १९८१ साली इंदिरा गांधींनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा किनारा बांधकामांपासून मोकळा ठेवायला सांगितलं होतं. त्यातून १९९१ ची किनारा नियमन क्षेत्राची, म्हणजे सीआरझेडची अधिसूचना आली. ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटर ‘ना विकास क्षेत्र’ ठरलं. २०११ मध्ये नवी अधिसूचना आली आणि २०१९ मध्ये आणखी एक. २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण भागात, जिथे लोकसंख्येची घनता चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त आहे तिथे, हे अंतर ५० मीटरवर आणलं. कोकणातली बहुतेक लहान गावं इतकी दाट नाहीत, त्यांना २०० मीटरच लागू राहतात. म्हणून पुष्कळांना वाटलं की आपल्याकडे काही बदललं नाही.

बदललं आहे, आणि ते अधिसूचनेच्या दोन वाक्यांत आहे. एक, भरतीरेषेपासून अवघ्या दहा मीटरवर पर्यटनासाठी तात्पुरत्या सोयी, शॅक, स्वच्छतागृहं, कपडे बदलायच्या खोल्या उभारायला वाट मोकळी झाली. तात्पुरतं म्हणून उभं राहिलेलं किती दिवस तात्पुरतं राहतं हे आपण सगळे जाणतो. दुसरं वाक्य जास्त गंभीर आहे. ‘ना विकास क्षेत्रा’तून राष्ट्रीय किंवा राज्य महामार्ग जात असेल तर रस्त्याच्या जमिनीकडच्या बाजूला, त्या क्षेत्रातच, हॉटेलं आणि रिसॉर्ट उभारता येतात. अट एवढीच की राज्याच्या किनारा व्यवस्थापन आराखड्यात तशी पर्यटन योजना असावी. आता हे वाक्य रेवस-रेड्डी सागरी महामार्गाशेजारी ठेवून वाचा. मुख्यमंत्री अंतुल्यांच्या काळापासून कोकणाने या रस्त्याची वाट पाहिली आहे. खाड्यांवर पूल झाले, गावं जोडली गेली, आजारी माणूस वेळेत दवाखान्यात पोचला, तर त्याचं स्वागतच आहे. पण जिथे जिथे हा रस्ता भरतीरेषेपासून २०० मीटरच्या आत शिरेल तिथे तो नुसता रस्ता राहणार नाही, रिसॉर्टचा परवानाही त्याच्यासोबत येईल. म्हणून मागणी अशी असली पाहिजे की महामार्गाची आखणी गावांच्या मागून, वाडी आणि भातशेतीच्याही पलीकडून व्हावी, आणि जिथे ते शक्यच नाही तिथे राज्याने आपल्या आराखड्यात या सवलतीचा वापर करणार नाही असं लिहून द्यावं. ही सवलत वापरलीच पाहिजे असं राज्यावर बंधन नाही. आराखडा राज्यच बनवतं.

केरळात मरडूच्या चार टोलेजंग इमारती जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने सुरुंग लावून पाडल्या गेल्या, सीआरझेडचं उल्लंघन म्हणून. घरं घेणारी माणसं कष्टाचे पैसे घातलेली होती. परवानगी देणाऱ्यांनी आधी दिली आणि शिक्षा शेवटी राहणाऱ्यांना झाली. कोकणात हे होऊ नये असं वाटत असेल तर आज बांधणाऱ्याला आजच थांबवलं पाहिजे, त्याचं कर्ज फिटायच्या आधी.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप रोजगाराचा आहे, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. मनीऑर्डरवर जगलेल्या या पट्ट्यात पर्यटनाने पहिल्यांदा गावातल्या गावात पैसा आणला. मुलं मुंबईला न जाता राहिली, बायकांच्या हातात स्वतःची कमाई आली. मोदक, सोलकढी, आंबोळी विकून घरं उभी राहिली. हे सगळं राहायला हवं. पण यातलं किती उत्पन्न पहिल्या ओळीतून येतं आणि किती गल्लीतल्या घरांतून, हेही विचारायला हवं. मंडणगडच्या वेळासला बघा. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली आणि २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. समुद्राकाठी हॉटेल नाही. पर्यटक गावात, लोकांच्या घरात राहतात, पडवीत जेवतात आणि पहाटे पुळणीवर जाऊन पिल्लं समुद्रात शिरताना बघतात. नाना फडणवीसांचं हे गाव आज कासवांमुळे ओळखलं जातं, आणि कासवाला काय लागतं? अंधार, मोकळी वाळू आणि तिच्यावर बांधकाम नसणं. २०१९ च्या अधिसूचनेतच स्थानिकांना आपल्या जुन्या घरात, जोत्याचं क्षेत्र न वाढवता, होमस्टे चालवायला मुभा आहे. म्हणजे गावातल्या पर्यटनाला कायद्याचा अडथळा नाही. अडथळा आहे तो समुद्र दिसणाऱ्या खोलीला मिळणाऱ्या जास्तीच्या भाड्याचा, आणि ते भाडं बहुतेक वेळा बाहेरून जमीन घेतलेल्याच्या खिशात जातं.

कोळीवाड्यांचा प्रश्न मात्र वेगळा ठेवला पाहिजे. होडी ओढायला, जाळी वाळवायला, सुकट घालायला त्यांना किनारा हवाच, आणि त्यांची घरं पाण्याजवळ आहेत ती हौसेने नव्हेत. किनारा मोकळा करायच्या नावाखाली कोळ्यांची घरं आधी हलवायची आणि मग त्याच जागी चौपाटीचं सुशोभीकरण करायचं, हे जर झालं तर तो सरळ अन्याय असेल. पहिल्या ओळीवर हक्क असलाच तर तो त्यांचा, ज्यांचं काम तिथे आहे.

समुद्रात उतरणाऱ्या पाहुण्यांची काळजीही आपण घेत नाही. १ फेब्रुवारी २०१६ ला जंजिऱ्याजवळच्या मुरूडला सहलीला आलेले चौदा विद्यार्थी बुडाले. पावसाळा नव्हता, वादळ नव्हतं, लख्ख दुपार होती. २४ मे २०२२ ला तारकर्लीजवळ स्कूबा डायव्हिंगहून परतणारी बोट उलटून दोघे गेले, जलक्रीडांचा हंगाम बंद व्हायला दोन दिवस उरले असताना. गोव्याने २००८ पासून आपल्या किनाऱ्यांवर प्रशिक्षित जीवरक्षकांची व्यावसायिक यंत्रणा उभी केली. लाल-पिवळे झेंडे, टेहळणीचे मनोरे, सगळं राज्याच्या पैशातून. आपल्याकडे हे काम बहुतेक ठिकाणी ग्रामपंचायतीच्या गळ्यात आहे. पंचायत पार्किंगची पावती फाडते आणि तुटपुंज्या पगारावर गावातलाच पोहणारा पोरगा शिट्टी देऊन उभा करते. त्याला ना बोट, ना विमा. जुलैच्या शनिवार-रविवारी शेकडो माणसं लाटांत शिरतात आणि तो एकटा शिट्टी फुंकत धावत असतो. राज्याने किनारी पर्यटनातून महसूल घ्यायचा असेल तर जीवरक्षक राज्याच्या वेतनावर हवेत आणि उधाणाच्या दिवशी पुळण बंद ठेवायचा अधिकार त्यांना हवा. हंगाम पाळण्याची शिस्त कोळ्यांना आहे. ती पाहुण्यांनाही लावता येईल.

आणि पुन्हा पैशाकडे येऊ, कारण बाकी सगळं त्याच्यावर अडलं आहे. वाडी आणि तिच्यापुढची झाडोऱ्याची पट्टी जर गावाचं संरक्षण करत असेल तर ते काम आहे, आणि कामाचे पैसे द्यायचे असतात. बंधाऱ्याच्या कंत्राटावर जो खर्च होतो त्यातला काही भाग दरवर्षी गुंठ्याच्या हिशेबाने त्या वाडीवाल्याला द्यावा जो आपली समुद्राकडची पट्टी बांधकामाविना ठेवेल, तिथे केवडा, उंडी, करंज राखेल. नुकसानभरपाईचा निकष हेक्टरावरून गुंठ्यावर आणि झाडाच्या वयावर आणावा. फळायला लागलेली पोफळ आणि कालचं रोप यांना एकच दर लावणं थांबवावं. नवी बाग हाती येईपर्यंतच्या पाच-सात वर्षांत घर चालेल एवढं वार्षिक साहाय्य असावं. रोजगार हमीतून नुसती रोपं लावून हे होणार नाही. सुरूची एकसुरी लागवड हाही उपाय नाही. निसर्गमध्ये सुरूची बनं काड्यांसारखी आडवी झाली ते सगळ्यांनी पाहिलं, आणि सुरूखालच्या वाळूवर दुसरं काही धड उगवत नाही.

किनारा व्यवस्थापन आराखड्याचे मसुदा नकाशे जाहीर होतात आणि त्यांवर जनसुनावणी होते तेव्हा हरकती नोंदवायला जो येतो त्याचं ऐकलं जातं. जमिनीचे दलाल आणि बिल्डर येतात. वाडीवाले क्वचित येतात, कोळी आले तर आपल्या बंदराच्या प्रश्नापुरते. म्हणून हे नकाशे मराठीत, सर्व्हे नंबरासकट, प्रत्येक किनारी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर महिनाभर आधी लावले गेले पाहिजेत, भरतीची रेषा आणि २०० मीटरची रेषा गावातल्या खुणांवरून कळेल अशी दाखवली गेली पाहिजे, आणि सुनावणी जिल्ह्याच्या ठिकाणी न होता तालुक्याच्या गावी, मासेमारी बंद असलेल्या दिवसांत ठेवली गेली पाहिजे.